मागच्या चाकांचे सूत

आळंदीहून पुण्याकडे येणाऱ्या जुन्या वाटेवर दिघी हे गाव आहे. ज्येष्ठ वद्यात माउलींचा पालखी-सोहळा ह्याच वाटेने पुण्यास येतो आणि बैलजोडीने ओढलेला रथ दिघीच्या हद्दीतून संथ लयीत पुढे सरकताना हजारो लोक पाहतात. वर्षाचे उरलेले दिवस ही वाट भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या वाहनांची असते. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि रस्त्याच्या कडेस टायरांची व गॅरेजांची दुकाने लागली. अशा एखाद्या दुकानासमोर कधीमधी एक बुटकी, रुंद टायरांची, परदेशी घडणीची स्पोर्ट्‌स मोटार येऊन थांबते. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली असते, आणि त्या मालकाची तक्रार ठरलेली असते. रस्ता सरळ असला तरी स्टिअरिंग किंचित वाकडे धरावे लागते, आणि मागच्या दोन टायरांपैकी एकाची आतली कड दुसऱ्याच्या मानाने फार लवकर झिजते.

ही तक्रार ऐकून पुष्कळ कारागीर पुढची चाके जुळवून देतात आणि मोटार होती तशीच परत येते. असे का होते, हे समजण्यासाठी चाकांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. गंमत अशी की, त्या इतिहासाचा अलीकडचा भाग पिंपरी आणि चाकण ह्यांच्यामध्येच घडलेला आहे.

गाडी करणाऱ्या सुताराजवळ सरळपणा तपासण्याची तीन साधने असत: सूत, ओळंबा आणि गुण्या. सूत म्हणजे ताणलेला दोरा. आणि त्याच नावाचे मापही आहे, इंचाचा आठवा भाग. बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर बसतात. तो आस साटीशी काटकोनात बसला की सुताराचे काम संपले. डावे चाक एका दिशेला आणि उजवे दुसऱ्या दिशेला पाहते आहे, असा प्रसंगच तेथे सहसा येत नाही. युरोपातील घोडागाड्यांचे कारागीर मात्र ह्यापुढे गेले होते. ते आसाची टोके किंचित खाली आणि किंचित पुढे वळवीत, म्हणजे बशीसारखी खोलगट केलेली चाके वजनाखाली नीट उभी राहत आणि आसाच्या टोकाकडे सरकत नसत. आज मोटारीच्या बाबतीत ज्यांना कॅम्बर आणि टो म्हणतात, त्या दोन गोष्टी येणेप्रमाणे मोटारीच्या जन्माआधीच लोहाराच्या हातात होत्या. चाक ओळंब्यापासून आत किंवा बाहेर कलले असेल तर तो कॅम्बर. आणि वरून पाहता चाकाचे पुढचे टोक गाडीच्या मध्यरेषेकडे वळले असेल तर तो टो-इन, बाहेर वळले असेल तर टो-आउट.

पुढे विचारवंतांचे सारे लक्ष पुढच्या चाकांकडे गेले. वळणावर आतले चाक लहान वर्तुळ काढते आणि बाहेरचे मोठे, म्हणून दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवून भागत नाही, ही अडचण म्यूनिकचा गाडीकार लांकेन्स्पर्गर ह्याने १८१६-१७ च्या सुमारास सोडवली. त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान ह्याने १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतले, आणि जगाने ती रचना पेटंटवाल्याच्याच नावाने ओळखली. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार यंत्रांच्या इतिहासात विरळा नाही. असो. पुढची चाके अशी शिकली-सवरली, पण मागची चाके बैलगाडीतल्याप्रमाणे एकाच अखंड आसावर राहिली. त्यांना वळवावयाचे नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी विचारही करावयाचा नव्हता.

कारागिराची सवय येथेच पडली. ट्रक, जीप आणि जुन्या ॲम्बॅसेडर-पद्मिनी ह्यांचा मागचा आस अखंड असे. तो पाट्यांवरून सरकला तर गाडी तिरपी चाले, एरवी त्याला हात लावण्याचे कारण नसे. १९६६ साली टेल्कोने पिंपरीत पाऊल ठेवले, १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक पुण्यातून बाहेर पडू लागला, तरी ही गोष्ट बदलली नाही. अशा वाहनांवर हात बसलेल्या माणसाच्या मनात ‘अलाइनमेंट’ ह्या शब्दाचा अर्थ ‘पुढची दोन चाके’ असाच ठसला, आणि त्यात त्याचा दोषही नव्हता.

मागची चाके स्वतंत्र करण्याची कल्पना मात्र जुनीच होती. १९३१ सालच्या मर्सिडीज १७० ह्या मोटारीत मागचा आस मध्यावर तोडून त्याचे दोन अर्ध केले होते आणि प्रत्येक अर्ध डिफरन्शियलपाशी झुलता ठेवला होता. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे हलू नये, हा हेतू. तो साधला, परंतु त्याबरोबर एक नवे संकट आले. चाक वर-खाली होताना सरळ वर-खाली होत नसे. ते पंख्याच्या पात्यासारखे कलत जाई. जोराच्या वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला की बाहेरचे चाक गाडीखाली दुमडल्यासारखे होई, टायर कडेवर उभा राही आणि मोटारीचे शेपूट रस्ता सोडी. फोक्सवॅगनची बीटल, मर्सिडीजची १९५४ ची ३०० एसएल ही प्रख्यात स्पोर्ट्‌स मोटार आणि अमेरिकेतील १९६० ची शेव्हरले कॉर्व्हेअर ह्या सर्वांच्या रक्तात हा स्वभाव थोडाफार होता. कॉर्व्हेअरवर राल्फ नेडर ह्याने १९६५ साली आपल्या पुस्तकात कडक टीका केली. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारच्या तपासणीत ती मोटार तिच्या काळच्या इतर मोटारींहून अधिक धोक्याची नव्हती असा निष्कर्ष निघाला. तोवर तिचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

भारतीय वाचकाला ह्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. मद्रासला १९६१ पासून तयार होणारी स्टॅण्डर्ड हेराल्ड ह्याच घराण्यातली. तिच्या मागे आडवी पाट्यांची कमान होती आणि त्या कमानीला दोन्ही चाके टांगलेली असत. रिकामी हेराल्ड आणि पाच माणसे बसलेली हेराल्ड मागून पाहिली तर चाकांची उभी राहण्याची तऱ्हा निराळी दिसे. येथे कारागिराला प्रथमच प्रश्न पडला की, मागच्या चाकांचे खरे माप कोणते: रिकाम्या गाडीचे, की भरल्या गाडीचे? पण ह्या प्रश्नाची चर्चा फार वाढली नाही. कारण १९७२ साली तिची जागा गॅझेलने घेतली आणि गॅझेलच्या मागे पुन्हा अखंड आस आला. भारतीय कारागिराच्या हातून तो धडा अर्धवटच सुटला.

युरोपात मात्र काम पुढे चालू होते. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वार ई-टाइप लोकांसमोर आली. तिच्या मागच्या चाकांना फिरविणारा दांडाच वरच्या आधाराचे काम करी, आणि चाकाचा कल बारीक करावयाचा असेल तर त्या दांड्याच्या जोडात पातळ पत्र्याच्या चकत्या घालाव्या किंवा काढाव्या लागत. ई-टाइपच्या मालकाला मागच्या चाकाचा कॅम्बर म्हणजे काय हे समजून घ्यावेच लागे. १९७७ मध्ये पोर्शने ९२८ ह्या मोटारीत त्याहून सूक्ष्म गोष्ट हाताळली. वळणावर घाबरून चालकाने पाय उचलला की रबरी बुश दबतात आणि मागचे चाक क्षणभर बाहेरच्या बाजूस वळते. त्या क्षणी मोटार गरकन फिरते. ९२८ मध्ये दांड्यांची मांडणीच अशी केली की त्या क्षणी चाक आत वळावे. पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, मर्सिडीजने १९० ह्या मोटारीत प्रत्येक मागच्या चाकाला पाच स्वतंत्र दांडे दिले. चाक कोणत्या क्षणी किती कलावे आणि किती वळावे हे ह्या पाच दांड्यांच्या लांबीवरून ठरत असे. आणि एक विलक्षण बोल्ट त्यात बसविला होता, ज्याचे डोके फिरवले की टो कमी-अधिक होई. तो बोल्ट मध्यापासून बाजूला, विकेंद्री असतो. पुढे ह्या बोल्टाशी पुन्हा गाठ पडणार आहे.

ह्याच पाच दांड्यांची रचना १९९५ साली पिंपरीत आली. त्या वर्षी टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या ई-क्लास मोटारींची जुळणी सुरू झाली, आणि जी मोटार जुळविली जात होती तिच्या मागच्या चाकांखाली हीच मांडणी होती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, टेल्कोची इंडिका आली. तिच्याही मागच्या चाकांना अखंड आस नव्हता, दोन तिरके स्वतंत्र बाहू होते. अशा रीतीने जे ज्ञान हेराल्डबरोबर निसटले होते ते एकीकडे श्रीमंतांच्या आणि दुसरीकडे मध्यमवर्गाच्या मोटारीतून ह्या परिसरात परतले. २००८ मध्ये जग्वार कंपनी टाटांकडे आली आणि २०१३ पासून तिची एक्सएफ पुण्यात जुळू लागली. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली, त्याच वर्षी फोक्सवॅगनचाही कारखाना तेथे उभा राहिला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात एएमजी ह्या वेगवान शाखेची पहिली भारतीय जुळणीची मोटार चाकणहून बाहेर पडली. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. चाकणच्या फोक्सवॅगन पोलोसारख्या मोटारींच्या मागे पिळवटणारा एक आडवा तुळवा असे आणि त्यात फिरविण्यासारखे काहीच नसे. रस्त्यावर अशा मोटारी असंख्य, पाच दांड्यांच्या थोड्या. म्हणून जुनी सवय जशीच्या तशी टिकली.

सवय टिकली तरी रस्ते टिकले नाहीत. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि ताशी चाळीस मैलांच्या वेगात जो दोष लपून राहत होता तो दुप्पट वेगात ओल्या रस्त्यावर लपेनासा झाला. स्पोर्ट्‌स मोटार घेणारा मनुष्य ती बहुधा ह्याच मार्गासाठी घेतो. वाकड्या मागच्या चाकाचा प्रश्न येथे टायराच्या किमतीपुरता राहत नाही.

आता माप कसे घ्यावयाचे ते पाहू. १९९० नंतरच्या दशकात चाकांवर आरशासारख्या पाट्या लावून कॅमेऱ्याने कोन वाचणारी यंत्रे आली आणि ती आज टायरांच्या दुकानांत सर्रास दिसतात. परंतु यंत्र जे करते ते सुतारही करू शकतो, आणि शर्यतीच्या मैदानावर अजूनही केले जाते. मोटार सपाट जागी उभी करून तिच्या दोन्ही बाजूंस चाकांच्या मध्याच्या उंचीवर एकेक दोरा ताणावा. पुष्कळ मोटारींत पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी सारखी नसते, म्हणून दोऱ्याचे अंतर चाकापासून न मोजता प्रत्येक आसाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंस समान ठेवावे. नंतर मागच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून व मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे. सतरा इंची रिमवर ह्या दोन अंतरांत एक मिलिमीटर फरक म्हणजे सुमारे आठ कला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, ज्याला यंत्राच्या पडद्यावर मिनिट म्हणतात. ओळंबा सोडला तर तेच काम कॅम्बरसाठी होते: वरच्या व खालच्या कडेत साडेसात मिलिमीटर फरक पडला तर चाक एक अंश कलले आहे.

येथे एका हिशेबाकडे लक्ष द्यावे, कारण सारी फसगत ह्यात आहे. समजा, एका मोटारीच्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच कला टो-इन असावे असे कारखान्याचे म्हणणे आहे. म्हणजे दोन्ही मिळून दहा. मोजल्यावर डावे चाक वीस कला आत आणि उजवे दहा कला बाहेर वळलेले आढळले. बेरीज किती? दहाच. जो केवळ बेरीज पाहील तो मोटार निर्दोष ठरवील. प्रत्यक्षात दोन्ही चाके उजवीकडे पाहत आहेत, आणि त्यांच्या फरकाचे अर्ध, म्हणजे पंधरा कला, एवढ्या कोनात ती मोटारीला ढकलीत आहेत. अडीच मीटर अंतराच्या चाकांच्या मोटारीत ह्याचा अर्थ असा की, मोटार सरळ चालताना तिचा मागचा भाग सुमारे अकरा मिलिमीटर, म्हणजे साडेतीन सूत, बाजूने चालतो. खेकडा जसा चालतो तसाच हा प्रकार, फक्त थोड्या प्रमाणात. चालकाला पुढची चाके उजवीकडे धरावी लागतात. पुढची चाके जुळवून स्टिअरिंग मध्यावर बसवता येते. पण डाव्या वळणावर बाहेरचे उजवे चाक बाहेरच पाहत राहते आणि शेपूट बाहेर झेपावू लागते, तर उजव्या वळणावर तीच मोटार मंद आणि आळशी वाटते. दोन वळणांवर दोन स्वभाव असणारी मोटार पावसाळ्यात घाटात नेऊ नये.

मग हा फरक आला कोठून? दिघीतल्या त्या गॅरेजात खरे काम येथून सुरू होते, आणि ते पान्याने नव्हे, डोळ्यांनी. आधी चारी टायरांतील हवा आणि त्यांची जात पाहावी. मागचे दोन टायर निरनिराळ्या घडणीचे असतील तर पुढची सारी चर्चा व्यर्थ आहे. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजावी. एका बाजूची स्प्रिंग खचली असेल तर त्या बाजूचे चाक वरून आत कलेल आणि दोष चाकाच्या माथी येईल. नंतर मोटार थोडी मागे-पुढे ढकलून तेच माप पुन्हा घ्यावे. दोन मापे जुळत नसतील तर कोठेतरी रबरी बुश फाटले आहे किंवा जोड सैल आहे, आणि जे स्थिर नाही त्याचे माप घेऊन उपयोग नाही.

मापे स्थिर असतील तर मात्र त्यांची भाषा वाचता येते. एकाच बाजूचे कॅम्बर आणि टो दोन्ही बिघडले असतील आणि दुसरी बाजू बरोबर असेल, तर त्या बाजूचा एखादा दांडा किंवा चाक धरणारा भाग वाकला आहे. फुटपाथच्या कडेवर किंवा दुभाजकावर चाक आडवे आपटले की असे होते. ह्याउलट, वरच्या उदाहरणाप्रमाणे, डावे चाक जितके जास्त आत तितकेच उजवे जास्त बाहेर असेल, तर चाके, दांडे आणि बुश ह्यांपैकी कोणीही अपराधी नसण्याचा संभव मोठा. ज्या चौकटीला हे सर्व जोडलेले असते ती चौकटच बॉडीखाली किंचित फिरली आहे. ज्या मोटारीत वरचा आधार बॉडीत आणि खालचा त्या चौकटीत असतो, तेथे कॅम्बरही असाच बोलतो: एका चाकाचा कल जितका वाढला तितकाच दुसऱ्याचा कमी झाला असेल, तर चौकट आडवी सरकली आहे. कधी गिअरबॉक्सच्या कामासाठी ती उतरवून परत बसविताना निष्काळजीपणा झालेला असतो. कधी मागून जोराचा धक्का बसलेला असतो, ज्याविषयी विक्रेता बोलला नव्हता.

आता तो विकेंद्री बोल्ट. निरोगी मोटारीत त्याच्या डावी-उजवीकडील खुणा साधारण सारख्या ठिकाणी असतात. एका बाजूचा बोल्ट मध्यावर आणि दुसऱ्या बाजूचा अगदी टोकाला गेलेला दिसला, तर कोणीतरी पूर्वी वाकलेल्या दांड्याची भरपाई त्याच्याकरवी केली आहे. पडद्यावरचे आकडे तेव्हा हिरवे झाले असतील आणि पहिल्या गिऱ्हाइकाला छापील कागदही मिळाला असेल; परंतु दांडा वाकडाच राहिला. तो वाकडा दांडा चाक उचलताना ठरलेल्या वाटेने जात नाही, म्हणून उभ्या मोटारीचे माप बरोबर आणि धावत्या मोटारीचे चूक, असा चमत्कार घडतो. दिलेल्या आकड्यात मोटार बसविणे ह्यालाच जेथे दुरुस्ती म्हटले जाते, तेथे कारागीर नकळत मागच्या मालकाच्या बाजूने साक्ष देतो. नव्या मालकाने दिलेल्या पैशांत त्याला ही साक्ष नको असते.

हा संशय आला की मोटार उचलून खालून कर्णमापे घ्यावी लागतात. चौकटीच्या डाव्या पुढच्या भोकापासून बॉडीच्या उजव्या मागच्या भोकापर्यंत, आणि मग त्याच्या उलट. दोन कर्ण सारखे आले तर चौकट सरळ आहे. न आले तर तिचे चार बोल्ट ढिले करून, ती सरकवून, कर्ण जुळवून पुन्हा आवळावे, आणि त्यानंतरच टोकडे वळावे. दोन्ही बाजूंचे दांडे काढून शेजारी शेजारी ठेवले तर वाकलेला दांडा डोळ्यांनाही ओळखू येतो. त्याला ठोकून सरळ करू नये, कारण एकदा वाकलेला धातू त्याच जागी पुढे तडकतो. नवा दांडा बसवावा आणि विकेंद्री बोल्ट मध्यावर आणून मग मोजणी सुरू करावी.

ह्या कामाला अर्धा दिवस लागतो, आणि पडद्यावर आकडे हिरवे करून घेण्यास तासाभराहूनही कमी. मोटार विकत घेण्यापूर्वी हा अर्धा दिवस मागणाऱ्याला विक्रेता बहुधा नकार देतो. तेव्हा निदान दोन गोष्टी त्याच्यासमोरच पाहून घ्याव्या: मागच्या टायरांची आतली कड, आणि त्या दोन बोल्टांच्या खुणा. त्यांच्यावर ताज्या पान्याचे ओरखडे एकाच बाजूला असतील, तर किंमत पुन्हा बोलण्यास हरकत नाही.